आतोबांचा कुस्तीच्या इनामाला विरोध

पैलवानांना फार पैसे मिळतात, या एका मतासाठी उभं आयुष्य वेचणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या आत्याचा नवरा होता. इतरांना देशाची काळजी असते, पावसाची असते, लेकीच्या लग्नाची असते. आमच्या आतोबांच्या जिवाला घोर होता तो जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीच्या इनामाचा. आता हे इनाम काही त्यांच्या एकट्याच्या खिशातून जात नव्हतं, आणि कुठल्या पैलवानाशी त्यांचं वैरही नव्हतं. उलट जत्रेची वर्गणी मागायला पंच दारात आले की सगळ्या कळंबात आधी आतोबा देत, आणि दिल्यावर पंचांना अंगणात उन्हात उभं करून ती वर्गणी कशी वाया चालली आहे ते समजावून सांगत. पंच पाणी मागत. आतोबा पाणीही देत. बोलणं थांबवत नसत.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी बारामतीला हायस्कुलात मास्तर होतो. बिऱ्हाड एकट्याचं, हाताला चव नाही, त्यामुळे शनिवारी सकाळची शाळा आटोपली की एस्टी पकडायची आणि कळंबला आत्याकडे जेवायला जायचं, हा माझा नेम. आतोबांची जमीन कालव्याच्या पाण्याखालची. वांगी, मिरची, बांधाला थोडे पेरू. यांतल्या वांग्यांवर त्यांचा फार जीव होता, आणि जगातला कुठलाही मोबदला ते वांग्यांत मोजत. मला पहिला पगार झाला तेव्हा मी मोठ्या अभिमानानं आकडा सांगितला. आतोबांनी डोळे मिटून मनातल्या मनात पाट्या भरल्या आणि म्हणाले, "जास्तच हाय. पण ऱ्हाऊ दे. तू निदान दिसभर वरडतोस तरी. त्यो पैलवान घटकाभरात उठतो आन् माझा अख्खा वाफा घिऊन जातो!"

हे "वाफा घिऊन जातो" त्यांनी कुठं ऐकवलं नाही असं ठिकाण पंचक्रोशीत उरलं नव्हतं. न्हाव्यापुढं बसले की अर्ध्या दाढीला विषय निघे आणि उरलेली अर्धी दाढी हातवाऱ्यांमुळे धोक्यात येई. एकदा एस्टीत शेजारी बसलेल्या कुणा पाहुण्यानं, पैलवानाला खुराक लागतो, एवढंच म्हटलं. आतोबांना उतरायचं होतं भवानीनगरला. वाद इतका रंगला की भवानीनगर गेलं, कळंबही गेलं आणि पाहुण्यासोबत आतोबा इंदापूरला उतरले. तिथून परतीच्या गाडीनं घरी आले तेव्हा आत्या काळजीनं दारात उभी होती. आतोबांचा चेहरा मात्र तृप्त होता. "मानलं गड्यानं शेवटी," एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. पाहुण्यानं मानलं होतं की सुटका करून घेतली होती, हे सांगायला पाहुणा काही तिथं नव्हता.

नात्यातल्या एका लग्नात नवरा मुलगा पैलवान होता. आतोबांना मानाचा फेटा बांधून पुढं बसवलं होतं. अक्षता टाकून झाल्या, जोडपं पाया पडायला आलं. आतोबांनी मुलीला तोंडभर आशीर्वाद दिला आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "एका कुस्तीचं काय घेता तुमी?" मुलगा लाजून म्हणाला, "देतील तसं, तात्या." कळंबात नि आसपास सगळे त्यांना तात्याच म्हणत. "देतील तसं घिऊ नका," आतोबा कळवळून म्हणाले, "कमी घ्या." आत्यानं त्यांना कोपरानं ढोसलं तेव्हा कुठं पुढच्या माणसाला जोडप्याला आशीर्वाद देता आला.

आता खरी गंमत सांगतो. एवढा विरोध असलेला हा माणूस आसपासच्या दहा गावांतलं एकही कुस्त्यांचं मैदान चुकवत नसे. सगळ्यांत पुढं, मातीला पाय लागतील असे बसत, डोक्यावर छत्री धरून. मागच्यांनी ओरडा केला की छत्री मिटत आणि जोड लागली की विसरून पुन्हा उघडत. कुस्ती सुरू झाली की आतोबा आतोबा राहत नसत. मातीत जो डाव पडे तो त्यांच्या अंगातून जाई. शेजारी कोण बसलंय याचं भान नसे. एकदा गावचे पोस्टमन त्यांच्या शेजारी बसले होते. समोर पैलवानानं मानेला विळखा घातला, इकडं आतोबांनी पोस्टमनच्या मानेला घातला, आणि समोरची मान सुटेपर्यंत सोडला नाही. माझी मानही दोन-तीनदा त्यांच्या तावडीत सापडली आहे, म्हणून सांगतो, म्हाताऱ्याच्या हाताला जोर होता. कुस्ती निकालात निघाली, हलगी कडाडली, की मात्र आतोबा झोपेतून उठल्यासारखे भानावर येत, धोतराची माती झटकत, आणि पाटील इनाम जाहीर करायला उभे राहिले की त्यांच्या आधी उभे राहत. "पाटील, जास्त हाय!" ही हाक मैदानात इतकी ठरून गेली होती की ती झाल्याशिवाय लोक उठत नसत.

जत्रेच्या पंचांचे मुख्य गावचे पाटील. माणूस शांत, तोलून बोलणारा. पण एका वर्षी त्यांचाही धीर सुटला. चैत्रातली जत्रा तोंडावर आली होती. पाटील आतोबांना देवळात सगळ्यांसमोर म्हणाले, "तात्या, ह्या वर्षी इनामाचं तुमीच बघा. तुमी म्हनाल तसं." मला वाटलं आतोबा गडबडतील. पण त्यांच्याकडे योजना तयार होती, बहुधा कित्येक वर्षं तयार होती. शेतात माणूस लावतो तसं करायचं. शेवटच्या कुस्तीला पैलवान जितका वेळ मातीत राहतील तितक्या वेळाची मजुरी, आणि दोघांना सारखी. "काम तितका दाम," आतोबा म्हणाले. "आता बघा कसं वाजवी हुतंय."

ती कुस्ती ज्यांनी पाहिली त्यांना ती जन्मभर विसरता आली नाही. दोघे पैलवान दुपारी मातीत उतरले, एकमेकांना सलामी दिली आणि खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ उभेच. मग एकानं दुसऱ्याला अलगद खाली घेतलं, जसं आजारी माणसाला अंथरुणावर निजवतात तसं, आणि त्याच्या पाठीवर विसावला. उन्हं कलली. हलगीवाला हात दुखून थांबला आणि चहा पिऊन आला. शेंगावाल्याच्या शेंगा संपल्या. खालच्या पैलवानानं वरच्याला, "म्हातारीचा दमा कसा हाय रं?" असं विचारलेलं पुढं बसलेल्या सगळ्यांनी स्पष्ट ऐकलं. वरच्यानं उत्तरही सविस्तर दिलं. एकटे आतोबा डोळ्यांची पापणी न हलवता बघत होते, कारण डाव पडला असता तर त्यांना तो चुकवायचा नव्हता. शेवटी दिवस मावळायला आला तेव्हा पाटलांनी स्वतः मातीत उतरून दोघांचे हात सोडवले. मजुरीचा हिशेब झाला, तर ती दरवर्षीच्या इनामाहून भारी भरली.

आतोबा तरातरा पैलवानांपाशी गेले. "अरं, ही काय कुस्ती म्हनायची?"

त्यांतला थोराड पैलवान अंग पुसत शांतपणे म्हणाला, "तात्या, तुमी रोजानं खुरपायला मानूस लावता. त्यो तुमच्या वाफ्यात असंच करत न्हाय व्हय?"

सगळं मैदान हसलं. आतोबांनी थोडा वेळ विचार केला, कारण प्रश्न वाफ्याचा होता आणि तो त्यांना मनापासून पटला होता. "करतो खरा," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी पुन्हा जुनी रीत आली. शेवटच्या कुस्तीला एकीकडे सोलापूरकडचा नामांकित गडी आणि दुसरीकडे आमच्याच तालुक्यातल्या कळसचा पैलवान. हा कळसचा पोरगेला होता, पंचविशीही गाठलेली नसेल. घरी विधवा आई आणि पावसाच्या भरवशावरची जमीन. पण अंगात वीज होती. पहिल्या झटक्याला त्यानं सोलापूरकराला गुडघ्यावर आणलं तेव्हा आतोबांनी माझी मान धरली. पुढं काय झालं ते नीट कुणालाच दिसलं नाही. दोघे एकदम पडले, कळसचा खाली, त्याचा उजवा पाय अंगाखाली मुडपलेला, आणि वर सोलापूरकराचं सगळं वजन. हलगी कडाडली. लोक मातीत धावले. विजयी पैलवानाला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, गुलाल उधळला, आणि सगळी मिरवणूक देवळाकडे निघाली. त्या वर्षी पाटलांनी इनाम कधी जाहीर केलं ते मला आठवत नाही, कारण आतोबा ओरडलेच नाहीत. ते मातीकडे बघत होते. कळसचा पैलवान अजून तिथंच बसला होता, दोन्ही हातांनी गुडघा धरून. त्याच्या जवळ कुणी नव्हतं.

आतोबा त्याच्यापाशी गेले, छत्री उघडून त्याच्या डोक्यावर धरली आणि म्हणाले, "ऊठ की रं."

"उठवंना, तात्या."

"तुला काय मिळालं?"

पैलवानाला हसू आलं. एवढ्या दुखण्यातही आलं. "पडल्याला काय मिळतं?"

आम्ही त्याला बैलगाडीत घातलं आणि बारामतीला आणलं. डॉक्टरांनी पाय प्लास्टरमध्ये घातला, हलायचं नाही म्हणून बजावलं. कळसच्या घरी बघायला म्हातारी आई एकटी. आतोबांनी कुणाला विचारलं नाही. परतीची गाडी सरळ कळंबला नेली, आणि आत्याला हाक मारून सांगितलं, "ह्यो आता हितंच ऱ्हाईल."

त्यानंतरचे काही महिने आमच्या आत्याचे फार सुखाचे गेले. तिच्या हातच्या भाकरीला इतका मान कधी मिळाला नव्हता. पैलवान सोप्यात बाजेवर पाय पसरून पडलेला असे, पण पोट काही प्लास्टरमध्ये नव्हतं. म्हशीचं दूध त्याच्या वाटेनं जाऊ लागलं आणि आतोबांच्या चहाचा रंग दिवसेंदिवस काळा होत गेला. बदाम आले, खारका आल्या, तूप आलं. एका शनिवारी मी जेवायला बसलो होतो. आतोबांनी आपल्या वाफ्यातली पहिली कोवळी वांगी काढून मोठ्या हौसेनं भरली वांगी करायला लावली होती. पैलवानानं हात जोडले. "वस्तादांनी सांगितलंय, तात्या, वांगं वातूळ. पैलवानानं शिवू न्हाय." आतोबांचा असा अपमान त्यांच्या दारात येऊन कुणी केला नव्हता. त्यांनी ती वाटी आपल्याकडे ओढून घेतली. आत्या मात्र पदरात तोंड लपवून हसत होती. ती म्हणाली, "आता कळलं का, इनाम कुठं जातं त्ये?"

"कळलं," आतोबा म्हणाले. "तरीबी जास्तच हाय."

दोघांची जोडी मात्र चांगली जमली. दुपारी आतोबा वाफ्यातून आले की बाजेशेजारी बसत आणि कुस्तीच्या पैशावर वाद घालत. पैलवान भांडत नसे. एकदा तो म्हणाला, "तात्या, तुमी म्हनता त्ये खोटं न्हाय. एका घटकेचं लई हाय. पर पहाटं उठून हजार बैठका मारतो, त्या बघायला कुनी येत न्हाय. त्याचं कुनी देत न्हाय. आन् वरीसभर मेहनत करून पडलो, तर त्ये वरीस बी गेलं." आतोबा म्हणाले, "माझी बी मिरची कवा कवा किडीनं जाती." पैलवान म्हणाला, "व्हय. पर मिरची गेली तरी रान ऱ्हातं, तात्या." यावर आतोबांनी तंबाखूची चंची काढली, चिमूट मळली, तोंडात टाकली आणि वाफ्याकडे निघून गेले.

प्लास्टर काढायला त्याला बारामतीला आणलं तेव्हा मीही दवाखान्यात होतो. पाय वाळक्या लाकडासारखा झाला होता. डॉक्टरांनी वाकवून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि कुस्ती आता विसरायची, असं सरळ सांगितलं. पैलवानानं दोन्ही हातांनी गुडघा चाचपून पाहिला. मग त्यानं विचारलं, "उकिडवं बसता यील का, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर म्हणाले, "नाही यायचं."

त्यानं का विचारलं ते डॉक्टरांना कळलं नसावं. मला आणि आतोबांना कळलं. उकिडवं बसता येत नसेल तर खुरपता येत नाही, धार काढता येत नाही, रानातलं अर्धं काम होत नाही. मी त्यांना एस्टीपर्यंत पोचवायला गेलो. गाडीत शेजारच्या बाकावर दोन माणसं कुठल्याशा मैदानाची आणि तिथल्या मोठ्या इनामाची गोष्ट करत होती, अगदी मोठ्यानं. आतोबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. गाडी सुटेपर्यंत त्यांनी त्या वादात तोंड घातलं नाही.

पुढच्या जत्रेआधी देवळात पंच बसले. आतोबांनी पैलवानाला काठी देऊन सोबत आणलं होतं. मी शनिवार म्हणून गेलेलो. आतोबा उभे राहिले आणि म्हणाले, शेवटच्या कुस्तीचं इनाम अर्धं करा, अर्धं जिंकल्याला, अर्धं पडल्याला.

पाटील दमल्यासारखे म्हणाले, "तात्या, तुमीच म्हनता इनाम जास्त हाय."

"हायच! त्ये मी सोडत न्हाय," आतोबा म्हणाले. "जास्त हाय म्हनून तर दोघांत वाटता येतंय."

याला उत्तर देणं कठीण होतं, पण एक म्हातारे वस्ताद आले होते, त्यांनी दिलं. पडल्यालाही पैसा मिळू लागला तर पडायला कोण भिईल, असं ते म्हणाले. बसलेल्यांनी माना डोलावल्या. मागच्याच्या मागच्या वर्षीची ती दिवसभराची कुस्ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. आतोबा चिडले, आवाज चढला, वांग्यांचा हिशेब सुरू होणार इतक्यात कळसचा पैलवान काठीवर जोर देऊन उठला.

"तात्या, नगा. पडल्याचं पैकं घिऊन मी आईला काय सांगू? कशाचं हाय म्हनून सांगू?"

मी आतोबांना वादात गप्प झालेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता, जसा रोजच्या वाटेवर चकवा लागल्यावर होतो. मग आतोबांनीच मान वर केली. "शिकवल्याचं घेशील का?"

गावची तालीम देवळामागं होती. बरीच वर्षं तिच्यात कडबा भरलेला. आतोबा म्हणाले, कडबा मी माझ्या गाडीनं हलवतो, ह्याला वस्ताद म्हणून ठेवा, सुगीला घरटी धान्य द्या. पैलवान म्हणाला, "शिकवल्याचं घीन." म्हाताऱ्या वस्तादांनीही हरकत नाही म्हणून मान हलवली. पाटलांनी घरामागं जोंधळा किती द्यायचा ते मोठ्यानं सांगितलं, आणि त्यांचं वाक्य संपतंय न संपतंय तोच आतोबा ताडकन उठून ओरडले, "जास्त हाय!"

देऊळ हसून हसून आडवं झालं. पाटील हसले, वस्ताद हसले, पैलवान काठी टेकून हसला. आतोबा मात्र ओशाळून भिंतीकडे बघत होते. "सवयीनं आलं त्वांडातनं," ते म्हणाले. "वाढवा थोडं."

कळसची म्हातारी कळंबला राहायला आली. तालमीतला कडबा निघाला, नवी माती पडली. ताठ पायाचा तो वस्ताद कडेला उभा राहून नुसत्या आवाजावर डाव शिकवी, आणि दोन-तीन वर्षांत कळंबची पोरं आसपासच्या मैदानांत फेटे मिळवू लागली. आतोबांचं मत बदललं, असं मात्र कुणी समजू नये. न्हाव्यापुढं, एस्टीत, बाजारात ते शेवटपर्यंत सांगत राहिले की पैलवानांना फार पैसे मिळतात.

फक्त त्यांनी कुस्ती बघणं सोडलं. त्याच वर्षीच्या जत्रेला मी त्यांची जागा धरून बसलो होतो, ते आलेच नाहीत. शोधत गेलो तर देवळाच्या मागच्या बाजूला, मैदानाकडे पाठ करून, पायरीवर बसलेले. मी म्हणालो, "आतोबा, शेवटची जोड लागतेय." ते म्हणाले, "तू बघ. मी हितं बरा हाय." मग दरवर्षी ते तिथंच बसू लागले. हलगी कडाडल्याचं त्यांना तिथं ऐकू येत असे. मी कुस्ती बघून परत आलो की ते मान वळवून एकच प्रश्न विचारत. कोण जिंकलं ते त्यांना नको असे. इनाम किती दिलं तेही नको असे.

शेवटच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले होते. जत्रेच्या दिवशी आत्या म्हणाली, जा, बघून ये, त्यांना सांगायला कुणीतरी पाहिजे. मी संध्याकाळी परतलो. कान अधू झाले होते, हलगी ऐकू आली नसणार. मी बाजेपाशी बसलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले, ओठ हलवले, आवाज काही फुटला नाही. पण प्रश्न मला पाठ होता.

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "उठला, आतोबा. पडलेला उठला. आपल्या पायानं चालत गेला."

त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्यात आता जोर नव्हता.